चौतीस काळे गोल

माझ्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला, खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती वाण्याच्या उधारीची वही वाटली. आमच्या नागपूरच्या घरी अशीच एक असायची. उघडून पाहिलं तर आत गोलच गोल. काही नुसते रेघेचे, पोटात मोकळे. बाकीचे बॉलपेनने इतके गच्च भरलेले की पानाच्या मागच्या बाजूला बोटांना लागतात. जपानी वर्तमानपत्रं खेळांचे निकाल याच खुणांनी छापतात. जिंकलं की पांढरा गोल, हरलं की काळा. मी मोजले. पांढरे १०, काळे ३४.

"ते आमचं पहिलं वर्ष," ओबा म्हणाल्या. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर आजीला ओबा म्हणतात. त्या माझ्या घरमालकीण, पण मीही त्यांना तेच म्हणते.

वर्ष २००७-०८चं. संघ र्‍युक्यू गोल्डन किंग्ज, खेळ बास्केटबॉल. हा संघ पुढे चार वेळा बीजे लीग या व्यावसायिक लीगचा विजेता झाला आणि २०२३ मध्ये, देशातल्या दोन लीग एक होऊन झालेली बी लीग जिंकून साऱ्या जपानचा. त्या वर्षांचे टॉवेल ओबांच्या कपाटात आहेत, टी-शर्ट आहेत. वही मात्र त्यांनी एकाच वर्षाची ठेवली.

मी २०१४ साली ओन्ना गावातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत संशोधनासाठी आले. घर मिळालं ओकिनावा शहरात. या शहराचं नाव १९७४ पर्यंत कोझा होतं आणि जुने लोक अजून कोझाच म्हणतात. कादेनाचा अमेरिकी हवाई तळ अगदी लागून. विमान गेलं की बोलणं थांबवायचं, ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचं, ही सवय मला महिन्याभरात लागली. पहिल्याच हिवाळ्यात ओबा मला महापालिकेच्या जिममध्ये सामना पाहायला घेऊन गेल्या. घडीच्या लोखंडी खुर्च्या, टाको राइसचा वास, आणि एकदम कानात शिरणारी बोटांची शिट्टी. ही शिट्टी इथे बायका-पोरंसुद्धा वाजवतात. मी नागपुरात सिमेंटच्या कोर्टावर वाढलेली, गुडघे फोडून घेतलेली मुलगी. बोर्डवर आपटून रिंगमध्ये पडणाऱ्या चेंडूचा आवाज ऐकला आणि या बेटावर आल्यापासून पहिल्यांदा मला घर आठवून रडू आलं नाही.

मला खेळ शिकवला माझ्या काकांनी. काका एका कारखान्यात नोकरीला होते. नोकरी मिळाली ती खेळामुळेच. सकाळी सराव, दुपारी स्टोअरमध्ये बसून काम, वर्षातून काही स्पर्धा. आपल्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको. रेल्वे, बँका, पोलीस, विमा, कंपन्या: कबड्डी-खो-खोपासून बास्केटबॉलपर्यंत आपले कितीतरी खेळाडू अशाच नोकऱ्यांवर जगले. मग एका वर्षी कारखान्याने संघ बंद केला. नोकरी राहिली, सराव गेला. काका तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या बोलण्यात तो संघ नेहमी "कंपनीचा संघ" असतो. "आमचा संघ" असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही, आणि ओकिनावात येईपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

जपानचा बास्केटबॉलही अनेक दशकं असाच चालत होता. मोटारींच्या, विजेच्या उपकरणांच्या, शेअर दलालीच्या कंपन्या आपापले संघ पोसत. खेळाडू कंपनीचे कर्मचारी, प्रेक्षकांत कंपनीचेच लोक. नव्वदीच्या दशकात तेजीचा फुगा फुटला आणि हिशेब तपासणाऱ्यांच्या नजरा पहिल्यांदा या संघांवर गेल्या. अनेकदा विजेता झालेला इसुझू मोटर्सचा संघ २००२ मध्ये बंद झाला. त्याआधी २००० साली दाइवा या रोखे कंपनीने आपल्या संघातून अंग काढून घेतलं होतं. तो संघ मात्र मेला नाही. समुद्रकाठच्या निइगाता प्रांताने त्याला आपल्याकडे नेलं, आणि निइगाता अल्बिरेक्स या नावाने तो जपानमधला पहिला व्यावसायिक बास्केटबॉल क्लब झाला. कंपनीच्या नावाच्या जागी गावाचं नाव आलं. मला हा बदल फार मोठा वाटतो. काकांच्या जर्सीवर कारखान्याच्या नावाऐवजी नागपूर लिहिलेलं असतं तर तो संघ असा एका परिपत्रकाने बंद झाला असता का, हा प्रश्न मला आजही पडतो.

निइगाता आणि सायतामा हे दोन संघ जुन्या लीगमधून बाहेर पडले आणि २००५च्या नोव्हेंबरात बीजे लीग सुरू झाली. सहा संघ: सेंदाई, निइगाता, सायतामा, टोकियो, ओसाका, ओइता. राष्ट्रीय संघटनेचा या लीगला पाठिंबा नव्हता आणि मोठ्या कंपन्यांचे संघ त्यांच्या जुन्या लीगमध्येच राहिले. एका देशात बास्केटबॉलची दोन घरं झाली, आणि ते भांडण दहा वर्षं चाललं.

या नव्या घरात ओकिनावा आलं २००७ मध्ये. पण ओबांच्या वहीतल्या काळ्या गोलांकडे नीट पाहायचं असेल तर बरंच मागे जावं लागेल.

र्‍युक्यू हे स्वतंत्र राज्य होतं. १४२९ पासून साडेचारशे वर्षं तिथे राजे होते, चीन आणि आग्नेय आशियाशी व्यापार होता, वेगळी भाषा होती. १८७९ मध्ये जपानने ते खालसा केलं आणि ओकिनावा हा प्रांत केला. १९४५ मध्ये या बेटावर जी लढाई झाली तिच्याबद्दल इथली म्हातारी माणसं आपणहून बोलत नाहीत. मीही ओबांना कधी विचारलेलं नाही. लढाईनंतर सत्तावीस वर्षं इथे अमेरिकेचं राज्य होतं. १५ मे १९७२ला बेट जपानकडे परत गेलं, तळ मात्र राहिले. आजही जपानमधल्या अमेरिकी तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन या एवढ्याशा प्रांतात आहे.

एक गोष्ट ओबा पुन्हा पुन्हा सांगतात. १९५८ मध्ये शुरी हायस्कूलचा बेसबॉल संघ ओकिनावातून पहिल्यांदा कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेला गेला. आपल्याच भाऊबंदांच्या देशात जायला मुलांना प्रवासाची कागदपत्रं काढावी लागली होती. पहिल्याच फेरीत ती मुलं ०-३ हरली. हरलेल्या संघाने कोशिएनच्या मैदानाची माती पिशवीत भरून घरी न्यायची, अशी जपानमध्ये प्रथा आहे. याही मुलांनी नेली. नाहा बंदरात उतरल्यावर ती माती परदेशी ठरली आणि वनस्पती-रोगप्रतिबंधाच्या नियमाखाली समुद्रात टाकून देण्यात आली. बातमी वाचून जपानी विमान कंपनीतल्या एका हवाईसुंदरीने त्याच मैदानाजवळचे खडे त्या शाळेला पाठवले. दगडाला तो नियम लागू नव्हता. ते खडे आजही शाळेतल्या स्मारकात आहेत. ओबा तेव्हा शाळकरी होत्या. त्या सांगतात, "हरल्याचं काही वाटलं नव्हतं. माती टाकली त्याचं वाटलं." आपण लाल मातीत कबड्डी खेळलेली माणसं; कपाळाला माती लावल्याशिवाय आपला गडी आत उतरत नाही. मला हे वाक्य कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

बास्केटबॉल या बेटावर रुजला त्यात तळांचा वाटा आहे. तळांवर कोर्ट होती, तिथली मुलं खेळत, त्यांच्याशी इथली मुलं खेळत. आजही गल्लीत, पार्किंगमध्ये, समुद्राजवळच्या बागेत रिंग दिसते. पण अमेरिकी मुलं हातभर उंच, आणि ओकिनावाची मुलं जपानी मुलांपेक्षाही बुटकी. त्यामुळे इथला खेळ पळण्याचा झाला. चेंडू मिळाला की धावा, समोरच्याचा बचाव उभा राहायच्या आत बास्केट करा. १९७८ मध्ये उत्तरेकडच्या ओगिमी गावातल्या हेंतोना हायस्कूलच्या पोरांनी, डोंगर-जंगलाच्या भागातल्या, बारक्या चणीच्या पोरांनी, असाच खेळ करून राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. त्याच उन्हाळ्यात, ३० जुलैला, ओकिनावाच्या रस्त्यांवरची वाहतूक एका रात्रीत उजवीकडून डावीकडे आली. अमेरिकी पद्धत जाऊन जपानी पद्धत आली. ओबांच्या यजमानांची टॅक्सी होती. सकाळी उठून घरासमोरच्या ओळखीच्या रस्त्यावर उलट्या बाजूने गाडी घालताना त्यांचे हात थरथरत होते म्हणे. त्या उन्हाळ्याच्या दोनच आठवणी घरात उरल्या: एक रस्त्याची, एक हेंतोनाच्या पोरांची.

तर अशा बेटावर २००६ मध्ये व्यावसायिक संघ काढायचं ठरलं. पुढाकार घेतला तात्सुरो किमुरा यांनी, जे मूळचे टोकियोचे. सोबत जुनइचि यासुनागा होते, ज्यांनी अमेरिकेत न्यू जर्सी नेट्स या बास्केटबॉल संघात काम केलं होतं. पाठीशी मोठी कंपनी नाही. बेटावर मोठ्या कंपन्याच नाहीत. पर्यटन, बांधकाम आणि तळांवरच्या नोकऱ्या यांवर इथलं अर्थकारण चालतं. मुख्य भूमीकडे जाणारी रेल्वे नाही. प्रत्येक बाहेरचा सामना म्हणजे विमानाचं तिकीट, आणि टोकियो दीड हजार किलोमीटरवर. ओकिनावा आणखी गेन्की व्हावं, हे त्यांनी घेतलेलं ब्रीद. गेन्की म्हणजे तब्येतीने आणि मनाने टवटवीत. नाव ठेवताना त्यांनी प्रांताचं प्रशासकीय नाव, ओकिनावा, घेतलं नाही. र्‍युक्यू घेतलं. खालसा झालेल्या राज्याचं नाव, त्यापुढे राजे, आणि तेही सोन्याचे. बाहेरून आलेल्या माणसांना हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मग संघ हरायला लागला.

प्रशिक्षक होते अमेरिकेचे हर्नांडो प्लानेल्स. लीगमध्ये आता दहा संघ, प्रत्येकाचे ४४ सामने. पश्चिम गटात पाच संघ होते आणि किंग्ज पाचवे. त्यांच्यासोबत त्याच वर्षी आलेला फुकुओकाचा नवा संघही त्यांच्या पुढे. गटात ओसाका होतं, जे आधीच दोनदा विजेतं झालेलं होतं आणि त्या वर्षी तिसऱ्यांदा होणार होतं. नव्या संघाचं व्हायचं तेच झालं. बीजे लीगची रीत अशी होती की एकाच संघाशी शनिवार-रविवार लागोपाठ दोन सामने. म्हणजे शनिवारी ज्याने झोडपलं त्याच्याच समोर चोवीस तासांत पुन्हा उभं राहायचं. वहीत काळे गोल जोडीजोडीने येतात ते त्यामुळे.

मी ओबांना खोदून खोदून विचारलं की तेव्हा जिममध्ये काय असायचं. मला वाटलं होतं त्या एखाद्या अटीतटीच्या सामन्याचं वर्णन करतील. त्यांनी सांगितलं आडनावांचं.

ओकिनावाची आडनावं वेगळी असतात. किंजो, हिगा, ओशिरो, शिमाबुकुरो. जपानच्या मुख्य भूमीवर कुणी हे आडनाव सांगितलं की तो कुठला ते लगेच कळतं. युद्धाआधी ओसाकाच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या ओकिनावाच्या लोकांना भाड्याने खोली मिळत नसे; र्‍युक्यूवाल्यांना जागा नाही, अशा पाट्या दारावर असत. कितीकांनी आडनावं बदलली, नाहीतर तीच अक्षरं जपानी वळणाने वाचायला सुरुवात केली. खुद्द किंजो हा उच्चारही तसाच आलेला. जुना उच्चार होता कानागुसुकू. ओबांच्या यजमानांचे एक मामा ओसाकात जन्मभर दुसऱ्याच आडनावाने राहिले.

किंग्जच्या पहिल्या वर्षाच्या संघात शिगेयुकी किंजो होता. ओकिनावाचाच मुलगा, शिकायला आइचीला गेलेला, विशीतला, गार्डच्या जागी खेळणारा. सामन्याआधी दिवे मालवायचे, झोत पडायचा आणि लाऊडस्पीकरवर एकेक नाव पुकारलं जायचं. ओबा म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या आवाजात, एवढं लांबवून, किंजोऽऽ म्हणून कुणी ओरडलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दवाखान्यात ऐकलं होतं. कचेरीत ऐकलं होतं. असं नव्हतं ऐकलं." पाहुण्या संघाच्या बाकावर ओसाकाचे खेळाडू बसलेले असायचे आणि तेही ऐकायचे. तो सामना किंग्ज हरले की जिंकले ते ओबांना आठवत नव्हतं. वहीत पाहिलं तर कळलं असतं. आम्ही पाहिलं नाही.

इथे मी माझं मत सांगते, कुणाला पटो न पटो. किंग्जचा इतिहास लिहिणारे पहिलं वर्ष दोन ओळींत उरकतात, १० विजय, ३४ पराभव, तळाला, आणि पुढच्या परिच्छेदात करंडक आणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. किंग्ज ओकिनावाचे झाले ते याच वर्षात. लोखंडी खुर्चीवर बसून, समोर हरणाऱ्या पोरांकडे पाहत, आपलंच आडनाव ऐकत झाले. करंडकाने त्यात भर घातली, इतकंच.

करंडकाची गोष्टही सुंदर आहे, म्हणून सांगते. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलले. दाइ ओकेतानी आले, क्योतोचे, वय जेमतेम तीस. ओसाकाच्या तिन्ही विजेतेपदांत असलेला जेफ न्यूटन आला आणि अँथनी मॅकहेन्री आला. या दोघांचा एक धागा मला फार आवडतो. न्यूटन इंडियाना विद्यापीठाकडून २००२ची अमेरिकेतली कॉलेजची अंतिम लढत खेळला आणि हरला. मॅकहेन्री जॉर्जिया टेककडून २००४ची खेळला आणि हरला. शेवटच्या पायरीवरून घसरलेली दोन माणसं जगाच्या या टोकाला, तळाच्या संघात एकत्र आली. लीगमध्ये आता बारा संघ आणि ५२ सामने. किंग्ज ४१ जिंकले, ११ हरले. मे २००९ मध्ये टोकियोच्या आरिआके कोलिझियममध्ये अंतिम सामना टोकियो अपाचेशी झाला. अपाचेचे प्रशिक्षक होते जो ब्रायंट, प्रसिद्ध अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबे ब्रायंटचे वडील. किंग्ज जिंकले. तळावरून थेट पहिले, एका वर्षात. किंजो त्या संघात होता. मॅकहेन्री पुढे कितीतरी वर्षं इथेच खेळत राहिला आणि बेटावरची पोरं त्याला मॅक म्हणत मोठी झाली.

पुढचं भरभर सांगते. २०१२, २०१४, २०१६, अशी आणखी तीन विजेतेपदं. दोन लीगचं भांडण न मिटल्याने २०१४च्या नोव्हेंबरात जागतिक संघटनेने जपानला निलंबित केलं. मी नुकतीच आले होते आणि सामन्याला आलेले लोक खेळापेक्षा त्याचीच चर्चा करत होते. अखेर दोन्ही घरं एक झाली आणि २२ सप्टेंबर २०१६ला बी लीग सुरू झाली. टोकियोत योयोगीच्या सभागृहात त्या दिवशी सलामीचा एकच सामना ठेवला होता: एका बाजूला टोयोटाच्या कंपनी-संघाचा वारस अल्वार्क टोकियो, दुसऱ्या बाजूला बीजे लीगचा शेवटचा विजेता किंग्ज. कोर्टची जमीन पडद्यासारखी उजळत होती. आम्ही ओबांच्या घरी टीव्हीसमोर होतो. ८०-७५, किंग्ज हरले. ओबांनी चहा ठेवायला उठता उठता हवेतच बोटाने एक गोल काढला आणि तो भरला.

कोझामधला बैलझुंजीचा आखाडा पाडून तिथे ओकिनावा अरेना बांधलं गेलं, ते २०२१ मध्ये उघडलं. इथली झुंज बैलाची बैलाशी असते, गोव्यातल्या धिरयोसारखी. अरेनात दहा हजारांच्या आसपास माणसं बसतात. २०२३च्या ऑगस्टमध्ये विश्वचषकाचे सामने तिथे झाले आणि जपानने फिनलंडला ९८-८८ने हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या खिडक्या एकदम उघडल्या आणि सगळीकडून शिट्ट्या आल्या. त्याच वर्षीच्या मेमध्ये किंग्जने बी लीग जिंकली होती. अंतिम लढतीत समोर चिबा जेट्स, ज्यांनी मोसमात ६० पैकी ५३ सामने जिंकले होते. किंग्जचे प्रशिक्षक पुन्हा दाइ ओकेतानी होते, मधली नऊ वर्षं इवाते, ओसाका, सेंदाई अशी फिरून घरी परतलेले. ओबांनी त्या वर्षीही वही केली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "आता सगळं फोनवर असतं."

मागच्या महिन्यात काकांशी व्हिडिओवर बोलत होते. ओबा शेजारीच वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी भिंतीवरची वही काढून कॅमेऱ्यासमोर धरली आणि काळे-पांढरे गोल समजावून सांगितले. काका चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना विचार, एवढं हरत होते तर या जात कशाला होत्या?"

मी विचारलं. ओबांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. "शनिवारी हरले की रविवारी सामना असायचा ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या.

काका फोन तसाच टेबलावर ठेवून आत गेले. पडद्यावर आमच्या घराचं छत आणि फिरणारा पंखा. परत आले तेव्हा हातात जर्सी होती, निळी, विटलेली. कंपनीचं नाव धुऊन धुऊन गेलेलं. खाली ९ आकडा तेवढा नीट दिसतो. त्यांनी ती दोन्ही हातांनी खांद्यांजवळ धरून कॅमेऱ्यापुढे केली. ओबांनी हात पुसले, फोन जवळ घेतला, आकडा पाहिला, जर्सीची मागची बाजू दाखवायला सांगितली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"यांचं आडनाव काय?" त्यांनी मला विचारलं.

काकांनीच सांगितलं. ओबांनी ते एकदा म्हणून पाहिलं, चुकलं. मग जिममधल्या लाऊडस्पीकरवर म्हणतात तसं शेवटचा स्वर लांबवून पुन्हा म्हणाल्या. तेव्हाही चुकलंच, आणि काका पलीकडून सांगत राहिले, अजून एकदा म्हणा, अजून एकदा.